मूल समोर येण्याआधी: बाहेरच्या उजेडात मुलांचे पोर्ट्रेट फोटो कसे सुधारावेत

कॅमेरा हातात आल्यावर पहिल्याच महिन्यात मी माझ्या चार वर्षांच्या भाचीचे दोनशेहून जास्त फोटो काढले. दुपारी साडेबाराची वेळ, मोकळं मैदान, स्वच्छ आकाश. भरपूर उजेड असला की फोटो चांगला येतो, अशी माझी पक्की समजूत होती. घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर बघितलं, तर डोळ्यांच्या जागी काळ्या खोबणी, कपाळ आणि नाकाचा शेंडा पांढराफटक, आणि बहुतेक फोटोंत ती डोळे बारीक करून, कपाळाला आठ्या घालून उभी. प्रत्यक्षात ती तासभर खिदळत होती. त्यातलं काहीच फोटोत उतरलं नव्हतं.

पुढे कित्येक महिने मी आधी कॅमेऱ्याला दोष दिला, मग लेन्सला, मग सेटिंगला. खरी चूक क्रमाची होती. मी आधी मुलीला उभं करायचो, मग डायल फिरवत बसायचो, आणि उजेड कुठून येतोय, मागे काय दिसतंय हे शेवटी बघायचो. आता क्रम उलटा केलाय. आधी उजेड, मग मागचा भाग, मग मी स्वतः कुठे बसणार ती जागा, मग कॅमेरा, आणि मूल सगळ्यात शेवटी. लहान मूल मनापासून तुम्हाला दहा-पंधरा मिनिटं देतं. ती सेटिंग शोधण्यात गेली की गेली. म्हणून खालच्या पहिल्या सहा पायऱ्या मुलाला बोलावण्याआधी उरकायच्या आहेत.

काय काय जवळ हवं

- कॅमेरा किंवा फोन. जो आहे तो चालेल. नवा घ्यायचा विचार हा लेख वापरून बघेपर्यंत बाजूला ठेवा.
- कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स असेल तर तिचं ५५ चं टोक, म्हणजे पूर्ण झूम, वापरायचं. पुढे एखादी लेन्स घ्यायचीच झाली, तर ५० मिलिमीटर एफ/१.८ ही नवशिक्यासाठी मला सर्वात उपयोगी वाटते (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं उघडतं).
- लेन्सचा हूड (पुढे लावायची, ऊन अडवणारी कडी) आणि पुसायला मऊ कापड. फोनवाल्यांनी तर कापड विसरूच नये. बोटांच्या तेलकट ठशांमुळे सगळा फोटो धुरकट होतो आणि माणूस दोष उजेडाला देतो.
- पांढऱ्या थर्माकोलचा किंवा फोमचा दोन-अडीच फुटी तुकडा. हा तुमचा रिफ्लेक्टर, म्हणजे उजेड चेहऱ्यावर परतवणारा.
- तुम्हाला गुडघ्यावर आणि पोटावर टेकता येईल अशी चटई.
- चार्ज केलेली बॅटरी आणि रिकामं कार्ड.
- मुलाच्या ओळखीचं एक मोठं माणूस, पिण्याचं पाणी, टोपी आणि मुलाच्या आवडीची एखादी वस्तू.

ट्रायपॉड मुद्दाम यादीत नाही. मूल जागचं हलतं, आपणही त्याच्याबरोबर हलावं लागतं.

पायरी १: वेळ ठरवा

सूर्य उगवल्यानंतरचा आणि मावळण्याआधीचा तास-दीड तास सर्वात सोपा. ऊन तिरपं आणि कोवळं असतं, त्यामुळे डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडत नाहीत. ढगाळ दिवस असेल तर दिवसभर चालतं, कारण सगळं आकाशच एका मोठ्या मऊ दिव्यासारखं वागतं. टळटळीत दुपार टाळा. टाळता येत नसेल तर पायरी २ नीट वाचा.

पण उजेडाच्या वेळेआधी मुलाची वेळ बघा. झोपेची वेळ टळलेलं किंवा भुकेलेलं मूल कितीही सोनेरी उजेडात चिडचिडंच दिसणार. संध्याकाळचा उजेड आणि मुलाची झोप यांची गाठ पडत असेल तर मी बिनदिक्कत सकाळ घेतो, किंवा दुपारी सावलीत फोटो काढतो. झोप झालेलं मूल आणि साधा उजेड ही जोडी रडवेलं मूल आणि सुंदर उजेड यापेक्षा नेहमीच बरी.

पायरी २: मोकळी सावली शोधा

सगळ्या लेखातली एकच पायरी करणार असाल तर ही करा.

मोकळी सावली म्हणजे अशी जागा, जिथे थेट ऊन पडत नाही पण समोर आकाशाचा मोठा भाग दिसतो. इमारतीची सावली, व्हरांड्याची कड, मोठ्या फाटकाच्या कमानीखालची जागा, झाडांच्या रांगेचा बाहेरचा काठ. मूल सावलीच्या कडेपासून दोन-तीन फूट आत उभं करायचं आणि त्याचं तोंड उजेडाकडे, म्हणजे मोकळ्या आकाशाकडे ठेवायचं. सावलीत फार आत गेलात तर उजेड फक्त डोक्यावरून झिरपतो आणि डोळे पुन्हा काळे होतात. सावलीच असूनही फोटो मलूल का आला, असं अनेक जण विचारतात. बहुतेक वेळा मूल फार आत उभं असतं, किंवा आकाशाकडे पाठ करून उभं असतं.

जागा नेमकी कशी निवडायची? फोनचा सेल्फी कॅमेरा सुरू करा, फोन हातभर लांब धरा आणि उभ्या जागी हळूहळू एक पूर्ण गिरकी घ्या. स्क्रीनवर स्वतःच्या डोळ्यांकडे बघत राहा. एका दिशेला डोळे काळवंडतील, दुसऱ्या दिशेला बुबुळांत उजेडाचा पांढरा ठिपका उमटेल आणि गालांवरच्या सावल्या मऊ होतील. मुलाचं तोंड त्याच दिशेला हवं. तो ठिपका, ज्याला फोटोग्राफर कॅचलाइट म्हणतात, चेहऱ्यात जीव आणतो. ठिपका नसेल तर हसरा चेहराही थकलेला दिसतो. ही गिरकी मी अजूनही प्रत्येक नव्या जागी घेतो. एक मिनिट लागतं.

पायाखाली काय आहे तेही बघा. फिकट रंगाची फरशी, वाळू किंवा सिमेंटची जमीन उजेड खालून वर परतवते आणि हनुवटीखालची सावली उजळते. दाट हिरवळ मात्र उजेडाबरोबर हिरवा रंगही परतवते. हिरवळीवर बसलेल्या मुलाच्या गळ्यावर आणि जबड्यावर फिकट हिरवट छटा येते, ती यामुळेच. लाल किंवा भडक भिंतीजवळही असंच होतं.

सावलीतला उजेड निळसर असतो, कारण तो सूर्याकडून थेट न येता निळ्या आकाशाकडून येतो. दुपारचं ऊन साधारण ५५०० केल्विनचं धरतात, तर मोकळी सावली ७००० ते ८००० केल्विनपर्यंत जाते (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा मोठा तितका उजेड निळसर). ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल आपोआप लावणारी सेटिंग, हे नेहमीच सांभाळतो असं नाही. कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्सचा ‘शेड’ पर्याय निवडा, त्वचा लगेच उबदार दिसते.

आता सापळा: झाडाखालचे कवडसे. डोळ्यांना ते फार सुंदर दिसतात. आपला डोळा ऊन आणि सावली दोन्ही एकदम सांभाळतो, पण कॅमेऱ्याला तेवढी झेप नाही. गालावर पडलेला एक कवडसा पांढरा जळतो आणि एडिटिंगमध्ये तिथे त्वचा परत आणता येत नाही, कारण तिथली माहितीच नोंदलेली नसते. कवडसे दिसले की मूल दोन पावलं सरकवा, किंवा सोबतच्या माणसाला थर्माकोल वर धरून तेवढा भाग झाकायला सांगा.

ढगाळ दिवशी वेगळी अडचण. उजेड मऊ असतो पण सरळ डोक्यावरून येतो. मुलाला बसवून, तुम्ही उभं राहून त्याला वर बघायला लावा, किंवा पांढरा तुकडा त्याच्या मांडीजवळ आडवा धरा. आणि आकाश फ्रेमबाहेर ठेवा, कारण तो पांढरा पट्टा चेहऱ्यावरची नजर ओढून घेतो.

पायरी ३: ऊन घ्यायचंच असेल तर पाठीशी घ्या

समोरून ऊन आलं की मूल डोळे मिटणार. त्याला डोळे उघडे ठेव म्हणून सांगणं हा त्याच्यावर अन्याय आहे. संध्याकाळचा खाली आलेला सूर्य मुलाच्या पाठीमागे घ्या. केसांच्या कडा उजळतात आणि चेहरा एकसारख्या मऊ उजेडात राहतो.

इथे कॅमेरा फसतो. तो सगळ्या दृश्याचा उजेड मोजून सरासरी मध्यम करड्या छटेवर आणू बघतो. मागे लख्ख उजेड असला की त्याला वाटतं फार उजेड आहे, आणि चेहरा काळा पडतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे अधिक-उणे चिन्हाचं बटण, +१ वर न्या आणि एक फोटो काढून बघा. कमी वाटलं तर +१.५. मागचं आकाश थोडं जळेल, जळू द्या. फोनवर चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की अनेक फोनमध्ये फोकस आणि उजेड तिथे बांधला जातो. मग बोट वर सरकवून चेहरा उजळता येतो.

लेन्सवर थेट ऊन पडलं तर फोटोवर दुधाळ पडदा येतो. हूड लावा, नाहीतर एका हाताने लेन्सवर सावली धरा. मागे गडद झाडी असेल तर केसांची उजळ कड उठून दिसते, मागे पांढरं आकाश असेल तर ती विरघळून जाते. पांढरा थर्माकोल मुलाच्या समोर, छातीच्या उंचीला, फ्रेमच्या जरा बाहेर धरायचा. चकचकीत चंदेरी रिफ्लेक्टर मुलांसाठी मला पसंत नाही, त्याची तिरीप डोळ्यांत बोचते.

कॅमेऱ्यातला छोटा फ्लॅशही इथे कामी येतो. तो पूर्ण जोरावर न ठेवता फ्लॅश कॉम्पेन्सेशन, म्हणजे फ्लॅशचा जोर कमी-जास्त करायची सेटिंग, -१ च्या आसपास ठेवा. फक्त लक्षात असू द्या की बहुतेक कॅमेऱ्यांत साधा फ्लॅश वापरताना शटर (उजेड आत येऊ देणारा पडदा किती वेळ उघडा राहतो ते) १/२०० किंवा १/२५० सेकंदापेक्षा वेगवान होत नाही, आणि हा फ्लॅश दोन-तीन मीटरपलीकडे फारसा पोचत नाही.

मुलाला सूर्याकडे बघायला कधीही लावू नका. तुम्हीही आत आरसा असलेल्या (डीएसएलआर) कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीतून, सरळ सूर्याकडे पाहू नका. लेन्स तो उजेड एकवटून डोळ्यात सोडते.

पायरी ४: मागे काय आहे ते आधी बघा

मूल नसताना, त्या रिकाम्या जागेचा एक फोटो काढा. मूल समोर आलं की आपलं लक्ष त्याच्या चेहऱ्यावर खिळतं आणि मागचं काही दिसेनासं होतं. रिकाम्या फोटोत मात्र डोक्यातून उगवलेला विजेचा खांब, गाडीची नंबरप्लेट, वाळत घातलेला पिवळा टॉवेल, गळ्याच्या उंचीवरून जाणारी कुंपणाची आडवी रेघ हे सगळं स्पष्ट दिसतं. बहुतेक वेळा तुम्ही डावीकडे एक पाऊल सरकलात किंवा खाली वाकलात की प्रश्न सुटतो.

दुसरी गोष्ट अंतराची. ‘बॅकग्राउंड ब्लर’ हवं म्हणून महागडी लेन्स घ्यायच्या आधी मुलाला भिंतीपासून लांब आणा. मूल झुडपाला टेकून उभं असेल तर कोणतीही लेन्स ते झुडूप धूसर करू शकत नाही. तुम्ही मुलापासून दीड-दोन मीटरवर आणि झुडूप मुलाच्या मागे पाच मीटरवर, असं ठेवलं की किट लेन्सच्या ५५ च्या टोकालासुद्धा एफ/५.६ वर मागचा भाग छान मऊ होतो. ही गोष्ट मला कोणी पहिल्या दिवशी सांगितली असती तर माझं एक वर्ष वाचलं असतं.

कपड्यांबद्दल थोडक्यात: साधे, एकरंगी, मुलाला सवयीचे. झगझगीत फ्लोरोसंट रंगाचा शर्ट हनुवटीवर आपला रंग फेकतो. छातीवर मोठी अक्षरं असली की बघणारा आधी ती वाचतो. नवे टोचणारे कपडे नकोत. मूल सारखं कॉलर ओढत बसतं.

पायरी ५: गुडघे टेका आणि दोन पावलं मागे या

उभ्या माणसाने काढलेल्या फोटोत मुलाचं डोकं मोठं, पाय आखूड आणि मागे फक्त जमीन दिसते. लेन्स मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर आणा. दीड वर्षाच्या मुलासाठी याचा अर्थ पोटावर झोपणं असा होतो. फोटोतल्या मुलाशी बघणाऱ्याची बरोबरीची नजरानजर होते, आणि फार काही न करता फोटो बदलून जातो. एक अपवाद मी आवडीने करतो: मूल खाली बसलेलं, मी वर उभा, आणि ते मान वर करून माझ्याकडे बघतंय. सगळं आकाश त्याच्या डोळ्यांत उतरतं.

मागे का यायचं? समजा फोन नाकापासून ४० सेंटीमीटरवर आहे आणि कान त्याच्या १० सेंटीमीटर मागे, म्हणजे ५० वर. कानांच्या मानाने नाक सव्वापट मोठं उमटणार. तेच तुम्ही २ मीटरवर गेलात तर हा फरक अवघ्या ५ टक्क्यांवर येतो. चेहरा फुगलेला दिसतो तो जवळ गेल्यामुळे. मग लांब गेल्यावर चेहरा छोटा दिसू नये म्हणून झूम करायचं. फोनवर २ पट किंवा ३ पट लेन्स निवडा, कॅमेऱ्यावर ५० ते ८५ मिलिमीटरच्या दरम्यान राहा.

फ्रेम कापताना सांध्यांवर कापू नका: मनगट, कोपर, गुडघा, घोटा. मांडीच्या मध्यावर किंवा कमरेच्या वर कापलेलं नैसर्गिक वाटतं. बोटं अर्धवट तुटलेली दिसली की फोटो चुकून काढल्यासारखा वाटतो.

पायरी ६: कॅमेऱ्याची सेटिंग एकदा लावा आणि विसरा

मोड डायल ‘ए’ किंवा ‘एव्ही’ वर, म्हणजे अ‍ॅपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडायचं ते) तुम्ही ठरवायचं आणि शटर कॅमेरा ठरवेल.

अ‍ॅपर्चर: किट लेन्सवर जे सर्वात मोठं उघडतं ते, ५५ ला एफ/५.६. एफ/१.८ ची लेन्स असेल तर सुरुवात एफ/२.८ किंवा एफ/४ ने करा. याचं कारण हिशोबात आहे. १८-५५ किट लेन्ससोबत येणाऱ्या, छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटर लेन्स, दीड मीटर अंतर, एफ/१.८: स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम ६ सेंटीमीटर. एक डोळा स्पष्ट आणि दुसरा धूसर येतो तो यामुळे. एफ/४ वर हाच पट्टा १३-१४ सेंटीमीटर होतो आणि हलणाऱ्या मुलाला पुरतो.

शटर: बसलेल्या मुलासाठी १/२५०, चालत्या-बोलत्या मुलासाठी १/५००, पळणाऱ्या किंवा उड्या मारणाऱ्या मुलासाठी १/१०००. शटरचा वेग यापेक्षा कमी आला की फोटो हलतो. लेन्समधली किंवा कॅमेऱ्यातली स्टॅबिलायझेशन सोय तुमच्या हाताची थरथर थांबवते, मुलाची हालचाल थांबवत नाही.

आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा ते: मोकळ्या सावलीत ४०० ने सुरुवात करा. एफ/५.६ आणि आयएसओ ४०० ला चांगल्या मोकळ्या सावलीत शटर साधारण १/५०० च्या आसपास येतं. वेग कमी आला तर आयएसओ ८००, १६०० करा. आयएसओ वाढला की फोटो दाणेदार होतो, पण दाणेदार फोटो छापल्यावर बरा दिसतो, हललेला फोटो कुठेच बरा दिसत नाही. कॅमेऱ्यात ऑटो आयएसओबरोबर किमान शटर ठरवायची सोय असेल तर १/५०० लावून मोकळे व्हा.

उन्हात उलटी अडचण येते. भर उन्हात आयएसओ १०० आणि एफ/१६ ला शटर साधारण १/१०० लागतं, हा जुना हिशोब आजही चालतो. त्यावरून एफ/२ ला १/६४०० लागेल, आणि नवशिक्यांच्या बऱ्याच कॅमेऱ्यांचं यांत्रिक शटर १/४००० ला थांबतं. फोटो पांढरा का पडतोय याचं हे उत्तर. अ‍ॅपर्चर एफ/४ करा किंवा सावलीत या.

फोटो ‘रॉ’ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, काढता आले तर काढा. साध्या जेपीईजीत (नेहमीच्या फोटो फाइलमध्ये) प्रत्येक रंगाला ८ बिट मिळतात, रॉमध्ये १२ किंवा १४. सावलीतला चेहरा नंतर उजळताना हा फरक दिसतो. एडिटिंग करणार नसाल तर जेपीईजी पुरे, त्यात कमीपणा काही नाही.

आता सोबतच्या मोठ्या माणसाला त्या जागी बसवा, दोन फोटो काढा, स्क्रीनवर मोठे करून डोळे बघा. बहुतेक कॅमेऱ्यांत जळलेले भाग लुकलुकून दाखवायची सोय असते, ती सुरू करा आणि कपाळ लुकलुकतंय का ते बघा. सगळं ठीक असेल तर मुलाला बोलवा.

पायरी ७: फोकस जवळच्या डोळ्यावर

कॅमेऱ्यात डोळे ओळखणारा फोकस असेल तर तो सुरू करा आणि सतत फोकस करणारा मोड निवडा. कॅनॉनवर त्याला ‘एआय सर्व्हो’ किंवा ‘सर्व्हो’, निकॉन आणि सोनीवर ‘एएफ-सी’ म्हणतात. जुना कॅमेरा असेल तर फोकसचा एकच बिंदू निवडून तो जवळच्या डोळ्यावर ठेवा. सगळे बिंदू कॅमेऱ्यावर सोपवले तर तो सर्वात जवळची गोष्ट पकडतो, आणि ती बहुधा मुलाचा पुढे आलेला हात किंवा नाक असते.

मधल्या बिंदूने फोकस करून मग कॅमेरा वळवायची सवय अनेकांना असते. एफ/८ ला ती खपून जाते, पण एफ/२ ला तेवढ्या वळवण्याने डोळा त्या अरुंद पट्ट्याबाहेर जातो.

बर्स्ट मोड (बटण दाबून धरलं की एकामागोमाग एक फोटो) वापरा, पण बोट दाबूनच ठेवू नका. तीन-चार फोटोंचे छोटे झपाटे काढा. हसण्याचा सर्वात सुंदर क्षण हसू ओसरायला लागतं तेव्हाचा असतो, म्हणून मी ‘झालं’ वाटल्यावरही कॅमेरा दोन सेकंद डोळ्यालाच ठेवतो.

पायरी ८: आता मूल

‘हस बघू’ म्हटलं की मूल दात दाखवतं, डोळे हसत नाहीत. हे दोन शब्द मी माझ्यापुरते बंद केलेत. त्याऐवजी कामं सांगतो. “या दगडाखाली मुंगी आहे का बघ.” “माझ्या लेन्समध्ये तुला कोण दिसतंय?” लेन्सच्या काचेत स्वतःचं छोटं प्रतिबिंब शोधताना मूल नेमकं लेन्सकडे, कुतूहलाने बघतं. याच्याइतकी कामी आलेली दुसरी युक्ती माझ्याकडे नाही. थोड्या मोठ्या मुलांना, सहा-सात वर्षांच्या, उलटं आव्हान आवडतं: “काहीही झालं तरी हसायचं नाही हं.” दहा सेकंद टिकत नाही कोणी.

पहिली पाच मिनिटं कॅमेरा खालीच ठेवा. गप्पा मारा, खेळा. लाजऱ्या मुलाला कॅमेरा हातात द्या, गळ्यात पट्टा घालून, आणि त्याला तुमचा फोटो काढू द्या. काळी वस्तू घेऊन आलेला अनोळखी माणूस त्या क्षणी खेळगडी होतो. शटरचा आवाज ओळखीचा झाला की तो दचकवत नाही.

हातांना काहीतरी उद्योग द्या. पान, काठी, बाहुली, बुटाची नाडी. मोकळे हात मुलाला अवघडवतात, मग ते ताठ होतं. पळणाऱ्या मुलाला थांबवू नका. “त्या झाडाला हात लावून माझ्याकडे पळत ये” असं सांगा. ते कुठे येणार हे आता तुम्हाला माहीत आहे, उजेड तिथला तपासलेला आहे.

सोबतच्या मोठ्या माणसाने नेमकं कुठे उभं राहायचं ते आधी ठरवा: तुमच्या अगदी मागे, तुमच्या डोक्याच्या वर. ते बाजूला उभे राहून हाका मारू लागले की सगळ्या फोटोंत मूल बाजूला बघताना येतं. दोन-तीन मोठी माणसं एकदम “इकडे बघ, इकडे बघ” ओरडतात तेव्हा मूल गोंधळतं. हाक मारणारा आवाज एकच हवा.

मूल नको म्हणालं तर थांबा. हे मी फार आग्रहाने सांगतो. हाताला धरून, दटावून उभं केलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर ते दिसतं, आणि पुढच्या वेळी कॅमेरा दिसला की ते पळतं. रडणं, रुसणं, कंटाळणं हेही त्याचंच रूप आहे. पण रडत्या मुलाचे फोटो काढत राहण्याआधी त्याला जवळ घ्या. रस्त्याच्या कडेला, रुळांजवळ, पाण्याच्या काठावर फोटो नकोत. व्ह्यूफाइंडरमध्ये डोळा घातलेल्या माणसाला बाजूचं काही दिसत नाही, म्हणून मुलावर लक्ष ठेवणारं दुसरं माणूस प्रत्येक जागी हवं.

पायरी ९: निवडा, मग हात लावा

त्याच रात्री निवड करू नका, शक्य असेल तर एक दिवस जाऊ द्या. मग पहिल्या फेरीत डोळे धूसर आहेत ते सगळे काढून टाका. दुसऱ्या फेरीत एकसारख्या दहांतून एक ठेवा. शंभरातून आठ-दहा उरले तर उत्तम झालं.

एडिटिंगचा क्रम: व्हाइट बॅलन्स, उजेड, सावल्या थोड्या वर, जळके भाग थोडे खाली, मग क्रॉप (कडा कापणं). बास. डोळ्यांचा पांढरा भाग घासूनपुसून चमकवू नका. त्वचा गुळगुळीत करणारे फिल्टर लहान मुलांवर तर मुळीच नकोत. काही फोनमध्ये त्वचा गुळगुळीत करणारा ‘ब्यूटी’ मोड आपोआप सुरू असतो, तो फोटो काढण्याआधीच बंद करा. आणि मुलाच्या त्वचेचा रंग उजळ करू नका. सावळ्या मुलाचा फोटो नीट उजेडात, नीट एक्स्पोजरवर काढला की त्या रंगाची चमक आपोआप येते. रंग फिका करून पाठवलेला फोटो त्या मुलाला काय सांगतो याचा विचार करा.

फोनचा पोर्ट्रेट मोड वापरणार असाल तर केसांच्या कडा आणि कानांभोवतीचा भाग मोठा करून तपासा. उडणारे केस तो अनेकदा पार्श्वभूमीबरोबर धूसर करून टाकतो. ब्लरचं प्रमाण नंतर कमी करता येत असेल तर करा.

छापायचं असेल तर ८ बाय १० इंचाला, दर इंचाला ३०० पिक्सेल या घनतेने, २४०० बाय ३००० पिक्सेल लागतात, म्हणजे सव्वासात मेगापिक्सेलच्या आसपास. बहुतेक फोनही हे सहज देतात, पण चॅटमधून आलेली दाबलेली प्रत देत नाही. मूळ फाइलच छापायला द्या. आणि ४ बाय ६ चा आकार ८ बाय १० पेक्षा लांबट असतो, त्यामुळे डोक्याच्या वर आणि बाजूला थोडी मोकळी जागा सोडून ठेवा, नाहीतर छापताना केस कापले जातात.

पायरी १०: पाठवण्याआधी

मूल दुसऱ्याचं असेल तर फोटो काढण्याआधी आईवडिलांना विचारा आणि कुठे टाकण्याआधी पुन्हा विचारा. काढायला दिलेली परवानगी म्हणजे टाकायला दिलेली परवानगी नव्हे. शाळेचा बिल्ला, घराचा क्रमांक, गाडीची नंबरप्लेट दिसत असेल तर कापा. फोनच्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश नोंदलेले असू शकतात. पाठवताना ‘लोकेशन’ काढून टाकायचा पर्याय बहुतेक फोनमध्ये मिळतो. कळत्या वयाच्या मुलाला त्याचा फोटो आधी दाखवा, आणि त्याला नको असेल तो पुसा.

मूळ फाइल किमान दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, त्यातली एक घराबाहेर किंवा क्लाउडवर. मी वर सांगितलेले दुपारचे दोनशे फोटोही अजून ठेवलेत. भाची आता त्यातला एक मागते, आठ्या घातलेला. तो मला आवडत नाही, पण तिला आवडतो, म्हणून या आठवड्यात छापून देणार आहे.